साखरेचं कडवं

गोदाबाईंनी वलगावच्या भजनाला जाणं बंद केलं, तेव्हापासून प्रणालीचं देवापुढे चित्त लागेना. वात लावायची, हात जोडायचे आणि देवाच्या तोंडाकडे न बघताच उठायचं. सासूला काही आजार नव्हता. गुडघे दुखतात असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, पण त्याच गुडघ्यांनी जिना चढून गच्चीवर कुरड्या घालायच्या. टाळांची जोडी मात्र त्यांनी जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून कपाटाच्या वरच्या फळीवर सरकवून दिली होती. त्या टाळांचं तोंड खरं कोणी बांधलं, हे घरात एकट्या प्रणालीला ठाऊक होतं. तिनेच बांधलं होतं, आणि तेही पुण्याचं काम समजून.

प्रणालीचं माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. बोळ इतका अरुंद की समोरच्या घरी फोडणी पडली की यांच्या घरात ठसका. वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. पण घर ओळखलं जायचं ते आईच्या नावानं. केशरबाईंचं घर. केशरबाईंनी अंगणातून हाक मारली तर मोर्णा नदीच्या पलीकडचा रिक्षावाला थांबतो, असं लोक गमतीनं म्हणत. लग्नघरची माणसं आचाऱ्याला सांगायच्या आधी केशरबाईंना सांगून ठेवत. कारण नवरदेवाच्या आईला, म्हणजे विहिणीला, आपल्याकडच्या बोलीत ईनबाईला, पंगतीत गाण्यानं चिडवायचं काम त्यांच्यासारखं कोणाला जमत नसे.

ही गाणी पाठ केलेली नसत. केशरबाई लग्नघरी आल्या की ओसरीत बसून आधी चौकशी करायच्या. ईनबाई कुठली? दिसायला कशी? हाताची कशी? स्वयंपाकात काय बिघडवते? पानं वाढून होईतो गाणं तयार. मग नाव घेऊन, गाव घेऊन, ईनबाईची अशी काही सालं काढायच्या की वाढपी हातातलं भांडं घेऊन जागच्या जागी उभे राहत. आणि ईनबाई रागवायची नाही. उलट जिच्यावर गाणं झालं नाही तीच रुसायची, "आमी काय माणसात नाई का वो?"

पण त्याला एक नेम होता, आणि केशरबाई तो देवाच्या नेमासारखा पाळत. चिडवणं झालं की शेवटी साखरेचं कडवं म्हणायचं. ते म्हणत ईनबाईपुढे जायचं, पदर पसरायचा, आपल्या हातानं तिच्या तोंडात साखर घालायची. त्यानंतर ईनबाईनं उलटून दोन ओळी म्हणायच्या, तो जबाब. "साखरेबिगर ईनबाईले पानावरून उठू देलं तं थे गानं नाई, थे भांडन होय," असं केशरबाई सांगायच्या. प्रणालीच्या कानावर हे वाक्य पाळण्यातल्या गाण्यासारखं पडत आलं होतं.

तिला स्वतःला गळा नव्हता. गाणं तिच्या कानात होतं, घशात नव्हतं. म्हणून ती शिकली. अमरावतीला मराठीत एम. ए. केलं आणि या गाण्यांवरच एक प्रबंध लिहिला. त्यासाठी खेडोपाडी फिरली, म्हाताऱ्यांच्या पायाशी बसली. त्या काळात तिला एका गोष्टीचा फार संताप यायचा. दूरच्या कोणी अभ्यासकानं वऱ्हाडातल्याच बायांच्या गाण्यांवर लेख लिहिलेला असायचा, पण संगणकावर तो उघडायला जावं तर पुढे कुलपाचं चित्र. पैसे भरा आणि वाचा. "आमच्याच आयाबायांचं गाणं, आन आमालेच कुलूप!" असं ती मैत्रिणीला, भावनाला, म्हणायची. तिचा स्वतःचा प्रबंधही पुढे काळ्या बांधणीत शिवला जाऊन ग्रंथालयाच्या कपाटात गेला. त्या कपाटालाही कुलूपच होतं.

मग लग्न झालं. वलगावचे नत्थुजी आणि गोदाबाई यांच्या मुलाशी, अमोलशी. घरची कपाशी, तूर, संत्र्याची थोडी झाडं. अमोलचं अमरावतीत औषधांचं दुकान. प्रणाली वलगावहून स्कूटीनं अमरावतीला जायची आणि एका शिकवणी वर्गात मराठी शिकवायची. सासू-सुनेचं बरं होतं. म्हणजे आवाज चढत नव्हते. पण गोदाबाई हात राखून वापरायच्या. तुपाचा चमचा काठाला पुसून घ्यायच्या, सुनेनं भाजीत तेल घातलं की मान न वळवता म्हणायच्या, "तेलाची घानी आपली नाई, बाई." प्रणाली गप्प बसायची. गप्प बसून बसून मनात एक लहानसा खडा झाला होता, तो तिलाही दिसत नव्हता.

केशरबाई गेल्या आणि प्रणालीला वाटलं, आता हा आवाज कुठे ऐकायचा? भावना तेव्हा अमरावतीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल झाली होती. ती म्हणाली, "अगं, एक संकेतस्थळ आहे. तिथं लोक आपलं लिखाण, संशोधन, गाणी सगळं मोकळं ठेवतात. कोणीही वाचावं, ऐकावं, उतरवून घ्यावं, आपल्या कामात वापरावं. एकच अट, ज्याचं त्याचं नाव द्यायचं. मी आजोबांची गाणी तिथंच ठेवली." भावनाचे आजोबा मोतीराम भीमजयंतीला गावोगावच्या मैदानात गायचे; त्यांच्या जुन्या कॅसेटी तिनं जपून, स्वच्छ करून चढवल्या होत्या.

प्रणालीला हे म्हणजे रस्त्यावर पाणपोई घालण्यासारखं वाटलं. तहानलेल्यानं यावं, प्यावं, जावं. जात विचारायची नाही, पैसा मागायचा नाही. तिनं प्रबंधाचं पान न् पान मोबाइलवर टिपून चढवलं. मग गाणी. गाणाऱ्या बाईची परवानगी ती आवर्जून घ्यायची; गाणं चढवल्यावर घरी जाऊन तिला ऐकवायची. गडचिरोलीकडच्या एका शिक्षकानं लिहिलं की वर्गातल्या मुलींना तुमची गाणी ऐकवली, आता त्या आपल्या आज्यांकडून गाणी आणतात. त्या दिवशी प्रणालीनं देवाला पेढ्यांचा नैवेद्य दाखवला. जन्माला आल्याचं काहीतरी झालं, असं तिला वाटलं.

आईचं सगळ्यात चांगलं गाणं प्रणालीच्या स्वतःच्या लग्नातलं होतं. लग्नाच्या सीडीत ते सापडलं. केशरबाई डोळे मिचकावून, हातवारे करून म्हणत होत्या:

वलगावची गोदाबाई, इची रीतच न्यारी,
चटनीच्या बरणीले वो कुलूप लावते भारी.
पाव्हना मांगे चटनी तं बरणी दावते दुरून,
वासावरच जेव म्हन्ते, भाकर खाय मुरडून!

मग हशा. मग साखरेचं कडवं. पण तिथं ताटांचा खणखणाट होता, कोणीतरी "जिलबी इकडं आना, बापा" म्हणून ओरडत होतं, आणि मधूनमधून कसला तरी घशातला, गुरगुरल्यासारखा आवाज येत होता. संकेतस्थळावर आवाज स्वच्छ हवा, ध्वनिफीत आटोपशीर हवी. प्रणालीनं हशा ठेवून त्याच्या पुढे कात्री चालवली. शेवट सोडून दिला.

चढवण्याआधी भावनानं ऐकलं होतं. तिनं विचारलं, "गाणारीची परवानगी तू घेतेस. आई तर तुझीच. पण जिच्यावर गायलंय तिला विचारलं का?"

"अगं, गंमत आहे ती! लग्नातलं गाणं. रागवायचं नसतं त्यात."

"ते लग्नात," भावना म्हणाली.

आणि खरं सांगायचं तर, कात्री लावताना प्रणालीला फक्त आवाजाचाच त्रास झाला असं नव्हतं. 'बरणी दावते दुरून' ही ओळ तिनं पुन्हा पुन्हा ऐकली होती आणि दर वेळी तिला मनातून गार वाटलं होतं. तुपाचा काठाला पुसलेला चमचा आठवला होता. आई, बरं म्हटलंस. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नीटसं सांगितलं नाही. तो मनातला खडा मात्र त्या दिवशी जागचा हलला.

काही महिने काहीच झालं नाही. मग कोणा अनोळखी माणसानं ते गाणं उचललं. मागे ढोलकी घातली, एका मांजरीचा बरणीवर पंजा ठेवलेला व्हिडिओ जोडला आणि रील करून सोडलं. मोकळंच होतं, कोणीही घ्यावं. बघता बघता ते हातोहाती फिरलं. केशरबाईंचं नाव कोणी दिलं नाही. गोदाबाईंचं मात्र गाण्यातच होतं.

वलगावच्या देवळात भजनाच्या आधी बाया टेकल्या होत्या. आशाबाईंनी नातीचा मोबाइल पुढे केला. "अवं गोदाबाई, तुमी तं फेमस झाल्या! हे आयका."

गोदाबाईंनी ऐकलं. पहिल्यांदा त्या स्वतःच हसल्या. "अवं, हे तं माही ईन होय! केशरबाई! माह्या अमोलच्या लग्नातलं हाय!" आवाज ओळखून त्यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. पण गाणं हशावर संपलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पुन्हा कुलूप, पुन्हा बरणी, पुन्हा हशा. रीलला शेवट नसतो. बाया हसतच राहिल्या आणि गोदाबाई साखरेची वाट बघत राहिल्या.

मग ते गावभर झालं. किराणा दुकानात कोणी म्हणालं, "मावशी, बरणीले लहान कुलूप देऊ का मोठं?" नत्थुजींनी घरी थट्टा केली, "अवं, नाव तं आपल्याच घरच्या कुलपाचं झालं ना, दुसऱ्याच्या नाई." गोदाबाईंनी तेही पचवलं. पण एकदा भजन आटोपल्यावर त्या प्रसादाचा शिरा वाटत होत्या. हा मान त्यांचाच होता. माणिकबाई नावाच्या एका बाईनं द्रोण पुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घाला घाला, की याले बी कुलूप हाय?"

देवाचा प्रसाद हातात असताना. गोदाबाईंनी पातेलं खाली ठेवलं, टाळ उचलले आणि घरी आल्या. ते टाळ मग फडक्यात गेले.

प्रणालीला हे गोदाबाईंनीच सांगितलं, तूर निवडता निवडता. हे गाणं कोणी नेटवर घातलं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्याजवळ साधा, बटणांचा मोबाइल. "कोन्या मेल्यानं टाकलं असन वो?" त्या म्हणाल्या. "पंगतीत तं आपलेच लोक होते. आन तुले बी किती वाईट वाटलं असन. तुह्या मायचा आवाज असा रस्त्यावर! मेलेल्या मानसाचं बी काई ठेवत नाईत."

प्रणालीनं तुरीतला एक खडा बाजूला काढला. मग एक चांगला दाणाही खडा समजून काढला.

"कुलूप खरंच होतं," गोदाबाई पुढे म्हणाल्या. "तुह्या मायनं कोनाले इचारून काढलं होतं देव जाणे. मी या घरात आली तं चार दीर, दोन नंदा, सालदार. आधी गडी जेवत, मंग पोट्टे, मंग सासूबाई. आमी सुना शेवटी. तवर बरणी खरडून ठेवलेली. भाकर आन पानी. माही धाकटी जाऊ पोटुशी होती, तिले तिखटाची आस लागे. मंग म्या बरणीले कुलूप लावलं. सगळे जेवून उठले की खोलो. शेवटी जेवनारीसाठी होतं थे कुलूप. पाव्हन्यासाठी नोहतं." त्या थोडं हसल्या. "पन गान्यात एवढं कुठं बसते?"

प्रणाली उठून मोरीवर गेली आणि उगाच हातपाय धूत राहिली. लग्न होऊन इतकी वर्षं ती या घरात शेवटी जेवत आली होती, सासूबरोबर. तिच्या वाटची चटणी कधी संपलेली नव्हती, आणि ती का संपत नाही असा विचार तिनं कधी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शिकवणीतून ती थेट भावनाच्या ग्रंथालयात गेली. "काढून टाकायचं आहे ते. आजच्या आज."

"तुझ्या पानावरून काढता येईल," भावना म्हणाली. "पण ज्यांनी घेतलं त्यांच्याकडून कसं परत घेशील? तूच म्हटलंस, कोणीही घ्या, वापरा. तो शब्द दिलेला आहे आपण."

"म्हणजे मोकळं ठेवणंच चुकलं माझं?"

भावनानं चष्मा काढून पुसला. "तसं मी म्हणणार नाही. आजोबांची गाणी मोकळी नसती तर आज कोणाला कळलं असतं, मोतीराम कोण? पण प्रणाली, आजोबा मैदानात गायचे. सगळ्यांनी ऐकावं म्हणूनच गायचे. तुझ्या आईचं गाणं अंगणातलं. दोन घरांतलं. अंगणातलं गाणं मैदानात नेऊ नये असं नाही. पण नेताना अंगण बरोबर न्यावं लागतं. तू साखर घरीच ठेवलीस."

प्रणालीला राग आला. राग यायला नको होता, म्हणून जास्त आला. "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"विचारलं होतं," भावना हळूच म्हणाली. "तू हसलीस."

घरी येताना रस्त्यात देऊळ लागलं, पण ती आत गेली नाही. देवाजवळ कबूल करणं सोपं असतं, तो समोरून काही बोलत नाही. ज्याचं देणं त्याच्याच दारात फेडायचं, एवढं तिला कळत होतं. अमोलला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, विसरतील लोक. उद्या दुसरं रील येईल. आईला कायले सांगतं?" तसंही करता आलं असतं. कोणालाच कळलं नसतं. पण सकाळी चहा देताना गोदाबाई म्हणाल्या, "तुह्या मायच्या फोटोले हार जुना झाला वो, नवा आन," आणि मग प्रणालीच्यानं राहवलं नाही. ती तिथंच, ओट्याजवळ फरशीवर बसली.

"आई, ते गाणं मी टाकलं."

गोदाबाईंनी कप खाली ठेवला.

"मोबाइलवर. मीच. कोणी मेल्यानं नाही." मग तिनं सगळं सांगितलं. पाणपोई, गडचिरोलीचा शिक्षक, कुलपाचं चित्र. आपल्याच बोलण्याचा आवाज तिला सारवासारवीसारखा येऊ लागला, तेव्हा ती थांबली.

बाहेर नत्थुजी कोणाशी तरी संत्र्याच्या भावावरून वाद घालत होते. गोदाबाई म्हणाल्या, "आयकव."

प्रणालीनं लावलं. केशरबाईंचा आवाज स्वयंपाकघरात भरला. गाणं हशावर संपलं.

"आन साखर?"

"कापली."

"काऊन?"

"मागं आवाज येत होते. ताटांचे. कोणीतरी घशातून... गुरगुर..."

"थो माहा आवाज होय," गोदाबाई म्हणाल्या. "मी रडून राह्यली होती."

प्रणालीनं मान वर केली नाही. तिला कपाटातली सीडी आठवली, त्या कडव्याच्या जागी कॅमेरा पंगतीकडे वळला होता. चेहरा दिसला नव्हता. तिनंही कधी विचारलं नव्हतं.

"तुह्या मायनं असं म्हटलं की माह्याच्यानं जबाब देणं झालं नाई. सगळ्या ईनी जबाब देतात. म्या नाई देला. तिची साखर तोंडात, आन माह्या घशातून शब्द निघेना. जबाब राहूनच गेला माहा." मग त्यांचा आवाज बदलला. "तुले मी कंजूष वाटतो ना?"

नाही म्हणणं हातात होतं. "वाटत होत्या," प्रणाली म्हणाली. "म्हणून पण कापलं असेल, आई. मला माहीत नाही. माझ्या मनात तसं होतं."

गोदाबाई उठल्या. प्रणालीला वाटलं, त्या आता बाहेर जातील, मुलाला हाक मारतील, काहीतरी होईल. त्यांनी कपाट उघडलं, फडकं काढलं आणि गाठ सोडायला लागल्या. गाठ घट्ट बसली होती.

"आज एकादशी होय. संध्याकाळी भजन हाय. तू येशीन."

"मी? मी काय करू तिथं?"

"जिथं हसल्या तिथंच साखर पाह्यजे. घरात बसून माफी मांगशीन तं माह्यापुरती झाली. थ्या बायायचं काय? तुह्या मायचं कडवं म्हन सगळ्यायपुढं."

"आई, मला गाता येत नाही. माहीत आहे तुम्हाला."

"मले माहीत हाय," गोदाबाई म्हणाल्या. "सगळ्या गावाले माहीत हाय. तरी म्हन."

संध्याकाळी देवळात गोदाबाई आत आल्या तेव्हा बाया एकमेकींकडे बघू लागल्या. आशाबाईंनी सरकून जागा केली. माणिकबाई खांबाला टेकून होती, ती उगाच पदर नीट करू लागली. भजन सुरू व्हायच्या आधी प्रणाली उभी राहिली. हातात साखरेची वाटी होती.

"ते रील ज्या गाण्यावरून केलंय, ते गाणं माझ्या आईचं," ती म्हणाली. "मी टाकलं. आणि अर्धं टाकलं. उरलेलं म्हणते."

तिनं म्हटलं. सूर पहिल्या ओळीलाच गेला, दुसऱ्या ओळीला तर दिसेनासा झाला. पण शब्द बरोबर होते.

बोलली मी बोलली, ईनबाई रुसू नका,
साखर घ्या तोंडात, बोल मनी धरू नका.
कुलूप माह्या जिभेले, किल्ली तुमच्या हाती,
लेक माही आजपासून तुमच्या दिव्याची वाती.

शेवटच्या ओळीला ती पुढे गेली, पदर पसरला आणि सासूच्या तोंडात साखर घातली. हाताला सासूचे ओठ लागले, कोरडे. कोणी हसलं नाही, आणि त्या न हसण्यानंच प्रणालीला जास्त मेल्यासारखं झालं.

मग गोदाबाईंनी टाळ वाजवले. एकदाच. आणि म्हटलं:

अकोल्याची केशरबाई, इची जीभच तिखट,
मिरची नाई भाजीत, पन बोल वाटते फुकट!
लेक देली शिकलेली, पोथ्या आनते भारी,
पोळी जळे तव्यावर, हे मोबाइलच्या दारी!

आधी आशाबाईंचा हशा फुटला, मग सगळ्यांचा. माणिकबाई म्हणाली, "वा वो गोदाबाई! हे कुठं दडवून ठेवलं होतं?"

"कुलपात," गोदाबाई म्हणाल्या, आणि माणिकबाईकडेच बघून म्हणाल्या. माणिकबाईनं मान खाली घातली. प्रसाद वाटायची वेळ आली तेव्हा तिनंच पातेलं उचलून गोदाबाईंच्या पुढ्यात आणून ठेवलं.

घरी आल्यावर गोदाबाई वाटीतली उरलेली साखर घेऊन केशरबाईंच्या फोटोपुढे गेल्या. जबाब दिला की साखर यांनी घालायची असते, विहिणीच्या तोंडात. त्यांनी चिमूटभर साखर घेतली, फोटोच्या काचेपाशी नेली, आणि हात तिथंच थांबला. काचेला साखर कशी लावणार? मग वळून त्यांनी ती प्रणालीच्या तोंडात घातली. "तूच घे. तिच्या जागी कोन हाय दुसरं?"

दुसऱ्या दिवशी तिनं गाणं काढलं नाही. काढू नको असं गोदाबाईंनीच सांगितलं, "माह्या ईनीचा आवाज हाय थो." सीडीतलं पूर्ण गाणं तिनं जुन्याच्या जागी ठेवलं, ताटांच्या आवाजासकट, हुंदक्यासकट. खाली आशाबाईंच्या नातीच्या मोबाइलवर देवळात टिपलेला जबाब ठेवला आणि कुलूप कोणासाठी होतं तेही लिहिलं. ते लिहिलेलं आधी गोदाबाईंना वाचून दाखवलं. "धाकट्या जावेचं नाव नको टाकू," त्या म्हणाल्या, "तिले इचारलं नाई." आता ती तशीच रीत पाळते. गाणारीला विचारते आणि जिच्यावर गायलं असेल तिलाही. काही बाया नाही म्हणतात. ती गाणी ती ऐकते आणि तिथंच ठेवून येते.

रील मात्र अजून फिरतं. ते परत बोलावता येत नाही. परवा स्कूटी दुरुस्तीला होती म्हणून ती अमरावतीहून ऑटोनं येत होती. शेजारी भाजीची पिशवी मांडीवर घेतलेली एक बाई बसली होती. तिच्या मोबाइलवर मांजर आली, बरणी आली, हशा झाला. ती बाई मनापासून हसली. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

प्रणालीनं बाहेर बघितलं. रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागले होते. असं झालं की ती आता एकच करते. हळू आवाजात, बेसूर, ती म्हणू लागली, बोलली मी बोलली, ईनबाई रुसू नका.

त्या बाईनं मोबाइल खाली केला. "अवं, तुमाले याच्या पुढचं येते?"

"येते," प्रणाली म्हणाली. "पुढचंच म्हणायचं राहिलं होतं."